मणी अक्काची बाजू

पुलाची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत पहिली चर्चा पुलाची झालीच नाही. मणी अक्का कोणाच्या बाजूने, यावरच सगळे बोलत बसले.

बाकीच्यांचं ठरल्यासारखंच होतं. आमच्या सुंगाई केलादी गावच्या मोठ्या बागेला लागून चार रस्ते एकत्र येतात. तिथला सिग्नल संध्याकाळी माणसाचा अंत पाहतो. तो काढून तिथे इंटरचेंज बांधायचा, एक रस्ता पुलावरून न्यायचा, बाकीचे वळसे घेऊन खालून जातील, असा बेत जाहीर झाला. वळशांना जागा लागते, म्हणून बागेचा पूर्वेकडचा कोपरा जाणार होता, आणि त्या कोपऱ्यातली जुनी शिरीषाची झाडंही. गाड्यांवाले पुलाचे झाले, सकाळी फिरायला जाणारे झाडांचे. माझ्यासारखे गाडी असून फिरायला जाणारेही होते. ते समोर कोण आहे ते पाहून बोलायचे.

अक्काचं मात्र काही कळेना. तिचा नवरा, राजरत्नम अण्णा, पुलासाठी हट्टाला पेटलेला. तिचा सकाळचा बागेतला सोबती, याऊ अंकल, झाडांसाठी तितकाच पेटलेला. दोघंही सांगत फिरायचे की मणी आपल्या बाजूची आहे. शेवटी मी तिला तिच्या दारातच गाठलं.

"अक्का, खरं सांग. पूल की झाडं?"

"खरं सांगू? मला अजून नीट समजलेलंच नाही," ती म्हणाली. "तुला समजलंय का? मग ये आत, कॉफी टाकते, मला सांग सगळं."

मी गेले, कॉफी प्यायले, भरभरून बोलले. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की बोलले मी एकटीच.

अक्काला पहिल्यांदा पाहणारा माणूस गोंधळतोच. चेहरा चिनी, बारीक डोळे, गोरा रंग. अंगावर सुती साडी, कपाळावर कुंकू, आणि तोंड उघडलं की रबराच्या मळ्यावरची अस्सल तमिळ. जन्माने ती कोण्या चिनी घरातली. त्यांना पाठोपाठ मुली झाल्या होत्या, आणि मळ्यावरच्या एका तमिळ जोडप्याला मूल नव्हतं. त्या काळी अशी बाळं दिली-घेतली जायची, कोणाला त्यात विशेष वाटत नसे. तमिळ आईने तिचं नाव तवमणी ठेवलं आणि डोळ्यांत तेल घालून तिला वाढवलं.

मळ्याबाहेर वाण्याचं दुकान होतं. वाणी चिनी. तेल आणायला गेलेल्या लहान मणीशी तो कॅन्टोनीजमध्ये बोलला, आणि ती गप्प राहिली तेव्हा तिच्यावर डाफरला. तिने घरी येऊन आईला विचारलं, "तो काय म्हणाला?"

आई म्हणाली, "मला काय ठाऊक? तूच विचार त्याला."

आईने ते सहज म्हटलं, पण मणीने खरंच केलं. रोज दुकानात जायची, एकेका वस्तूकडे बोट दाखवायची आणि नाव विचारायची. वाणी आधी वैतागला, मग त्याला गंमत वाटू लागली. अक्का सांगायची, "तो मला काय ओरडला होता ते वर्षभराने कळलं. तो म्हणाला होता, स्वतःच्या आईची भाषा येत नाही, लाज वाटत नाही? तोवर मी त्याच्याशी त्याच्याच भाषेत भांडण्याइतकी तयार झाले होते."

मलय भाषा ती शाळेत शिकली, इंग्रजीही तिथेच. पुढे ती कोर्टात दुभाषी झाली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. सुरुवातीलाच तिची फजिती झाली होती. एका तमिळ बाईची तक्रार होती की शेजारणीने तिचं कोलाम पायाने विस्कटलं. तमिळमध्ये कोलाम म्हणजे दारातली रांगोळी. मलयमध्ये कोलाम म्हणजे तळं. घाईत मणीने तो शब्द तसाच पुढे जाऊ दिला. न्यायाधीश बराच वेळ विचारत होते की तळं किती मोठं होतं, आणि एका बाईच्या पायाने त्याचं असं काय बिघडलं. त्या दिवसापासून ती म्हणे, कळल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं आणि पुन्हा विचारायचं.

कोर्टाचा एक नियम असतो. दुभाष्याने "तो म्हणतो" असं म्हणायचं नाही. साक्षीदार "मी" म्हणाला तर दुभाष्यानेही "मी" म्हणायचं. त्यामुळे आमच्या या साध्या बाईने भर कोर्टात "मी सायकल चोरली नाही" म्हटलं होतं, "मी त्याच्या डोक्यात बाटली घातली" म्हटलं होतं, आणि एकदा तर "मला दोन बायका आहेत, पण दुसरीला पहिलीची कल्पना नाही" हेही शांतपणे सांगितलं होतं. स्वतःचा "मी" मात्र ती जपून वापरायची. अण्णा कुरकुरायचे, "हिला विचारावं, सांबारात मीठ बरोबर आहे का, तर म्हणते, तुमचं काय म्हणणं आहे?"

अण्णा सरकारी इस्पितळाची रुग्णवाहिका चालवायचे. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, चटकन चिडणारा आणि चटकन हसणारा माणूस. त्या सिग्नलवर त्यांचा जुना राग. भोंगा वाजत असायचा आणि पुढे गाड्यांना हलायला जागाच नसायची. एका बाईचं बाळंतपण तिथेच, सिग्नलवरच, झालं होतं. ती गोष्ट ते लग्नकार्यात रंगवून सांगत, कारण तिचा शेवट गोड होता.

याऊ अंकल त्यांच्या अगदी उलट. हडकुळे, हळू बोलणारे, पण जीभ तिखट. बाजारात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, ते मुलाला देऊन मोकळे झाले होते. सकाळी पक्ष्यांचे पिंजरे घेऊन बागेत यायचे, शिरीषाच्या खालच्या फांद्यांना टांगायचे आणि बाकावर बसून कोणाचा पक्षी कसा गातो ते ऐकायचे. त्यांना कॅन्टोनीजशिवाय दुसरं काही धड येत नसे. अक्का तळ्याला फेऱ्या मारून त्यांच्या बाकावर टेकायची आणि पक्ष्यांबद्दल नाही नाही ते प्रश्न विचारायची. अण्णा आणि अंकल एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते, पण मान हलवण्यापलीकडे त्यांचं काही बोलणं झालेलं नव्हतं. होणार कसं? मध्ये भाषा नव्हती.

बातमी आल्यावर अक्का नगरपालिकेत ठेवलेला पुलाचा नमुना पाहून आली. मग पुन्हा गेली. एका संध्याकाळी मी बाजारातून येताना पाहिलं तर ती त्या सिग्नलपाशी छत्री घेऊन उभी. मी गाडीची काच खाली केली.

"अक्का, इथे काय करतेयस?"

"बघतेय," ती म्हणाली. "इतकी वर्षं इथून गेले, पण थांबून कधी बघितलं नाही. तुला माहितेय, ही सगळी माणसं गाडीत बसून गाणी म्हणतात. बाहेर ऐकू येत नाही, पण तोंडं हलताना दिसतात."

मागच्या गाडीने भोंगा वाजवला, म्हणून मला निघावं लागलं.

जाहीर सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात ठेवली होती. इतकी माणसं येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बागेच्या फाटकाशी नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, विकणाऱ्या रोहाना मावशी केळीच्या पानातल्या पुड्या घेऊनच आल्या होत्या आणि भाषणं सुरू होण्याआधीच त्यांची टोपली रिकामी झाली. कोणीतरी विचारलं, "मावशी, तुम्ही कोणाच्या?"

"भुकेल्यांच्या," त्या म्हणाल्या. "पुलाचे असोत की झाडांचे, सगळे जेवतात."

अध्यक्षस्थानी शुक्री साहेब होते. शांत, जरा दमलेले वाटणारे अधिकारी. त्यांनी मलयमध्ये आणि इंग्रजीत बेत समजावून सांगितला, पडद्यावर चित्रं दाखवली. नंतर लोकांना बोलायला सांगितलं तर पहिलेच उठले याऊ अंकल. ते कॅन्टोनीजमध्ये सुरू झाले ते थांबेनात. मंचावर कोणाला एक शब्द कळत नव्हता. बोलावलेला दुभाषी तापाने आजारी पडला होता. शुक्री साहेबांनी विचारलं, "कोणी सांगू शकेल का, हे काय म्हणताहेत?"

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

अक्का सावकाश उठली, साडीचा पदर खोचला आणि पुढे गेली. तिने मलयमध्ये एकच अट घातली. "मी कोर्टातल्यासारखं सांगेन. मी 'मी' म्हणाले, तर तो बोलणाऱ्याचा 'मी' समजायचा. राग आला तर त्याच्यावर काढायचा, माझ्यावर नाही."

लोक हसले. तिने आधी मलयमध्ये आणि मागोमाग तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. तमिळ वस्तीतली बरीच म्हातारी माणसं तिथे होती आणि त्यांनाही पडद्यावरचं फारसं उमगलं नव्हतं.

"मी रोज त्या झाडांखाली बसतो," अक्का म्हणाली, अंकलांच्या वतीने. "या झाडांना संध्याकाळ कळते. दिवस कलला की ती पानं मिटतात. पूल बांधणाऱ्यांना घरी कधी जायचं तेही कळत नाही."

झाडांवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना ते सोसवलं नाही. ते जागेवरूनच तमिळमध्ये गरजले. त्यांना मलय उत्तम येत होती, पण चिडले की ते तमिळमध्येच चिडायचे. अक्काने ते मलयमध्ये सांगितलं, मग अंकलांकडे वळून कॅन्टोनीजमध्ये. काय सांगितलं ते आम्हाला मलयमधून कळलंच होतं: "याला झाडांचं इतकं प्रेम, तर पक्ष्यांना पिंजऱ्यात का ठेवतो?"

अंकल तडकले. ते काहीतरी तोडून बोलले. अक्काने ते आधी मंचाला सांगितलं, मग नवऱ्याच्या डोळ्यांत पाहत, चेहऱ्याची रेषही न हलवता, तमिळमध्ये म्हणाली, "तू जन्मभर स्टिअरिंगला चिकटून बसलास. तुझं पोट बघ. तुला चालणं माहीत नाही, तू बागेबद्दल बोलू नकोस."

सभागृह हसून कोसळलं. अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. शेजारचा माणूस त्यांच्या कानाशी लागला, "अण्णा, हे त्याचं की वहिनींचं?"

मागून तेवढ्यात आवाज आला. रहिवासी मंडळाचे गुणालन बोलत होते, पुलाला सगळ्यात जोरात विरोध करणारे. "साहेब, ही बाई त्या राजरत्नमची बायको आहे. त्या म्हाताऱ्याला ती कॅन्टोनीजमध्ये काय सांगते, कोणाला कळतंय?"

पहिल्या रांगेतली चिनी बाजारातली एक बाई उभी राहिली. "मला कळतंय. शब्दाला शब्द सांगतेय ती. तुमच्यापेक्षा जास्त ऐकतेय. बसा तुम्ही."

गुणालन बसले.

अण्णांचा राग तोवर विरला होता. ते पुढे आले, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता बाळंतपणाची गोष्ट येणार. पण त्यांनी दुसरीच काढली. आवाज एवढा खाली आला होता की मागच्यांनी पंखे बंद करायला लावले.

एका म्हाताऱ्याला घेऊन ते इस्पितळाकडे निघाले होते. मागे त्याची बायको होती, त्याच्या छातीवर हात ठेवून. सिग्नलला गाडी अडकली. मागच्या परिचारिकेने आरशातून अण्णांकडे पाहिलं आणि मान हलवली. माणूस गेला होता.

अक्का एकेक वाक्य दोन्ही भाषांत सांगत होती. मलय. कॅन्टोनीज. मग पुन्हा नवऱ्याकडे.

"भोंगा बंद करायचा असतो," अण्णा म्हणाले. "माणूस गेला की भोंगा बंद करायचा. पण मी बंद केला असता तर त्या बाईला कळलं असतं, तिथेच, गाड्यांच्या मध्ये. म्हणून मी चालूच ठेवला. इस्पितळ येईपर्यंत. लोक बाजूला होत होते, हात करत होते, आणि मी एका गेलेल्या माणसासाठी भोंगा वाजवत होतो."

अक्का थांबली. ज्या बाईने खुनाचे खटले न अडखळता सांगितले, तिचा आवाज आला नाही. नंतर तिने मला सांगितलं की ही गोष्ट तिने कधी ऐकलीच नव्हती. एका घरात, एका ताटात जेवून, ती तिला त्या सभागृहात कळली. शुक्री साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही. अंकलांकडे वळून तिने ते कॅन्टोनीजमध्ये सांगितलं. तिथे बसलेल्या चिनी लोकांच्या चेहऱ्यांवरूनच आम्हाला कळलं की ती "मी" म्हणाली आहे. मी भोंगा बंद केला नाही.

अंकलांनी हातातली टोपी खुर्चीवर ठेवली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. त्यात टोमणा नव्हता.

"पूल असता, तर तो वाचला असता का?"

अण्णांनी विचार केला. खरोखरच केला, सगळ्यांना दिसत होतं. "माहीत नाही," ते म्हणाले.

अक्काने सांगितलं, "माहीत नाही." त्यानंतर जे बोलले ते सगळे हळू आवाजात बोलले, गुणालनसुद्धा.

सुनावणी आटपत आली तेव्हा शुक्री साहेब म्हणाले, "तवमणीबाई, तुम्ही सगळ्यांचं सांगितलंत. तुमचं स्वतःचं काही म्हणणं आहे?"

आमची गल्ली पुढे झुकली. एवढे महिने ज्याची वाट पाहिली ते आता आलं होतं.

कोणत्या भाषेत बोलावं, हेच अक्काला सुचेना. दुसऱ्यासाठी बोलताना भाषा समोरच्याकडून ठरत असे. शेवटी ती तमिळमध्ये बोलली, मळ्यावरच्या आईशी बोलावं तशी.

"मला तो कोपरा हवा आहे. माझ्या नवऱ्याला हे आत्ताच कळतंय. त्यांनी आज जे सांगितलं ते ऐकल्यावर असं म्हणणं जड जातंय, तरी म्हणते. कारण फार मोठं नाही. मला तिथे सकाळी चालायला आवडतं. मोठमोठी कारणं मी जन्मभर दुसऱ्यांची सांगितली. हे लहान आहे, पण माझं आहे."

ती खाली बसली. सभागृहात कुजबुज झाली. याऊ अंकल इकडेतिकडे पाहत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि त्यांची दुभाषी तर आता साक्षीदार होऊन बसली होती. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" ते शेजाऱ्यांना विचारू लागले.

तेव्हा अण्णा उठले. रुग्णवाहिका चालवताना बाजारातल्या चिनी लोकांकडून उचललेली मोडकीतोडकी कॅन्टोनीज त्यांच्याकडे होती. कुठे दुखतं, श्वास घ्या, घाबरू नका, एवढीच. ती जुळवत त्यांनी बायकोचं म्हणणं सांगायला घेतलं. "ती म्हणते" म्हणावं तर ते बायकोने घातलेल्या अटीत बसत नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"मला," अण्णा म्हणाले, "झाडं पाहिजे. चालायला चांगलं. दुखत नाही."

अंकल आधी हसले. मग बाजारातली ती बाई हसली आणि तिने मलयमध्ये सगळ्यांना सांगितलं, पुलाचा सगळ्यात मोठा पाठीराखा काय म्हणाला ते. शुक्री साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. अक्का पदरात तोंड लपवून एवढी हसत होती की तिचे खांदे हलत होते.

निर्णय यायला पुढे बराच काळ गेला. बेत बदलला. पूल आला, पण एकच, आणि एक वळसा गाळला. रुग्णवाहिकांसाठी कडेला वेगळी वाट ठेवली. कोपऱ्यातली निम्मी झाडं राहिली, निम्मी गेली. गुणालन म्हणतात आपण हरलो, पुलाच्या बाजूचे टॅक्सीवाले म्हणतात, हरलो ते आम्हीच. कोणाचं खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. झाडं तोडली त्या दिवशी याऊ अंकल बागेत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, आणि पिंजरे तळ्याच्या पलीकडे टांगले.

अण्णा आणि अंकल जिवलग झाले असं काही झालं नाही. पण आता समोर आले की अण्णा विचारतात, "कुठे दुखतं?" आणि अंकल एखादा अवयव दाखवतात. गुडघा, कंबर, कधी काळीज. तेवढ्यावर त्यांचं बोलणं भागतं. अक्का मध्ये पडत नाही.

पूल सुरू झाला त्या आठवड्यात अण्णा तिला गाडीतून घेऊन गेले. मी मागे बसले होते. पूल बागेच्या कडेने चढतो आणि उरलेल्या शिरीषांच्या माथ्याला लागून जातो. अक्का खिडकीशी सरकली. वरून झाडं छत्र्यांसारखी पसरलेली दिसत होती, त्यांवर गुलाबी फुलांचा नुसता बहर, जो खाली बाकावर बसून आम्हाला कधी दिसला नव्हता. एका बेचक्यात कसलं तरी घरटं होतं.

"अहो," ती म्हणाली, "ते कोणाचं घरटं?"

"मला काय ठाऊक? गाडी चालवतोय मी."

"मग पुन्हा एकदा फिरवून आणा. हळू चालवा. नीट बघायचंय."

अण्णांनी पूल उतरून गाडी वळवली.